कंधमालच्या ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा आणि न्यायाची आशा
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी कंधमाल असं सांगितलं. एक-दोघे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वर्धापन दिन आपल्या विहाराचा, अन् भाषण ओडिशातल्या ख्रिस्ती लोकांवर? त्यांचं विचारणं रास्त आहे. मी त्यांना म्हटलं, आधी ऐकून तर घ्या, शेवटी तुम्हीच सांगा हा विषय आपला आहे की परका आहे.

मी वकील नाही, प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून माझी उमर गेली. कंधमालला मी गेलेलो नाही. जे सांगणार आहे ते वाचून सांगणार आहे. सुप्रीम कोर्टाचं निकालपत्र इंग्रजीत आहे, ते शब्दकोश शेजारी ठेवून तीन रविवार लावून वाचलं. त्यामुळे भाषा साधी असेल, पण आकडे पदरचे नाहीत.

तर कंधमाल हा ओडिशा राज्यातला डोंगराळ, जंगलाचा जिल्हा. जिल्ह्याचं ठिकाण फुलबनी. आपल्याकडे जशी सांगलीची हळद तशी तिकडे कंधमालची हळद नावाजलेली. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद पिकवणारा कफल्लक, हे तिकडेही तसंच. जिल्ह्यात निम्म्याहून जास्त वस्ती कंध आदिवासींची. त्यांच्या खालोखाल पाना नावाची जात. पाना म्हणजे तिकडचे अस्पृश्य. त्यांचा जुना धंदा कोणता म्हणाल तर कापड विणणं, वाजंत्री वाजवणं, डोंगरातल्या गावांतून किरकोळ माल विकत फिरणं. विणकाम ऐकल्यावर मी पुस्तक जरा जवळ ओढलं. सूत हातात धरणारा माणूस कुठलाही असो, आपला वाटतो.

या पाना लोकांपैकी पुष्कळांनी, आणि काही कंध आदिवासींनी, इंग्रजांच्या काळापासून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती, त्यात एक लाख अठरा हजारांच्या आसपास ख्रिस्ती. म्हणजे शंभरात अठरा. कशासाठी झाले ते ख्रिस्ती? कोणी म्हणतं तांदळासाठी, कोणी म्हणतं दुधाच्या पावडरीसाठी. आपल्याबद्दल १९५६ नंतर काय काय बोललं गेलं ते आठवा, म्हणजे या बोलण्याची किंमत कळेल. शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, कोणीतरी पंगतीला शेजारी बसवलं, यासाठी माणूस धर्म बदलत असेल तर लाज कोणाला वाटली पाहिजे? ज्याने बसवलं त्याला, की ज्याने हजार वर्षं बसू दिलं नाही त्याला?

ओडिशात १९६७ साली धर्मांतराविरुद्ध कायदा झाला. त्याचं नाव मात्र धर्मस्वातंत्र्याचा कायदा! त्याच सुमारास विश्व हिंदू परिषदेचे स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती कंधमालात आले. चकापाद इथे त्यांनी आश्रम काढला, पुढे जलेसपटा इथे मुलींची शाळा नि आश्रम काढला. शाळा काढल्या हे खरं, आणि ख्रिस्ती झालेल्यांना परत आणण्याची मोहीम चालवली हेही खरं. त्यात भर पडली आरक्षणाच्या वादाची. पाना लोकही कंधांचीच कुई भाषा बोलतात, म्हणून आम्हालाही आदिवासींत धरा अशी मागणी त्यांच्यातून पुढे आली. कंधांना वाटलं, आपल्या ताटातलं जाणार. गरिबाला गरिबाशी झुंजवायला एवढं पुरेसं असतं.

डिसेंबर २००७ मध्ये ऐन नाताळच्या आदल्या दिवशी ब्राह्मणीगाव इथे नाताळच्या मांडवावरून ठिणगी पडली. तीन-चार दिवस चर्च जळत होते, घरं जळत होती. ब्राह्मणीगावात उलट हल्ल्यात काही हिंदूंचीही घरं जळाली, हे लपवून ठेवण्याचं कारण नाही. पण ती नुसती सुरुवात होती. २३ ऑगस्ट २००८, जन्माष्टमीची रात्र. जलेसपटाच्या आश्रमात बंदूकधारी शिरले आणि त्यांनी स्वामींना व त्यांच्याबरोबरच्या चौघांना ठार मारलं. ऐंशी ओलांडलेला म्हातारा माणूस. तो खूनच होता, आणि त्या खुनालाही न्याय मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. पोलिसांनी पहिल्यापासून नक्षलवाद्यांकडे बोट दाखवलं, नक्षलवाद्यांच्या पुढाऱ्याने जबाबदारीही घेतली. पण ऐकतो कोण? मृतदेहाची यात्रा जिल्ह्यातून गावोगाव फिरवली. दोन दिवसांत ठरून गेलं की मारणारे ख्रिस्तीच.

पुढे जे झालं त्याचं वर्णन मी लांबवत नाही, समोर लहान लेकरं बसली आहेत. सरकारी आकडा ३९ मृत्यूंचा आहे, ख्रिस्ती संघटना शंभराच्या आसपास सांगतात. हजारो घरं जळाली. दोनशेहून अधिक प्रार्थनास्थळं पाडली किंवा जाळली गेली. लोक जंगलात पळाले, पावसाळ्याचे दिवस, लेकरं कडेवर, अंगावरच्या कपड्यानिशी. रायकिया, जी. उदयगिरी, टिकाबाली, बालीगुडा अशा ठिकाणी सरकारने छावण्या उघडल्या. त्यांत पंचवीस हजारांच्या आसपास माणसं होती.

आता लक्ष देऊन ऐका. छावणीतून गावाकडे परत जायला निघालेल्या माणसाला काय सांगितलं गेलं? गावात यायचं असेल तर हिंदू होऊन ये, नाहीतर येऊ नकोस. हे अनेक गावांतून झालं. २०१० च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत जनतेचं न्यायासन भरलं होतं, दिल्ली हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती ए. पी. शहा त्याचे प्रमुख होते. तिथे पीडितांनी येऊन या गोष्टी सांगितल्या. डोकी भादरली गेली, कागदांवर अंगठे घेतले गेले, साक्ष मागे घे असंही सांगितलं गेलं. तुमचं शेत तिथे, तुमच्या बापाची थडगी तिथे, तुमचं जळालेलं घर तिथे, आणि वेशीवर माणसं उभी आहेत. एका अंगठ्याचा प्रश्न आहे. काहींनी दिला. जीव वाचवायला अंगठा देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. पण हजारोंनी दिला नाही. ते फुलबनीच्या, भुवनेश्वरच्या झोपडपट्टीत राहिले, मजुरीला गेले, केरळात गेले, गावाला मुकले.

मला या गोष्टीचं नवल वाटलं. कशाच्या जोरावर माणूस एवढं सोसतो? आपण देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत आपण. मग ही श्रद्धा म्हणजे काय चीज आहे ते समजून घेण्यासाठी मी बायबल काढून वाचलं. मराठी बायबल आमच्या गल्लीतल्या एका ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे, तो माझ्या शब्दांत सांगतो.

एका गावात एक न्यायाधीश होता. देवाला भीत नव्हता, माणसाची लाज धरत नव्हता. त्याच गावात एक विधवा होती. तिच्यावर अन्याय झालेला. ती रोज त्याच्याकडे जायची नि म्हणायची, माझा न्याय कर. तो दाद देईना. ती पुन्हा यायची. आज नाही, उद्या ये. उद्या आली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी तो मनाशी म्हणाला, मला देवाचं भय नाही, माणसाची पर्वा नाही, पण ही बाई माझा पिच्छा सोडत नाही, ही मला हैराण करून सोडील. त्यापेक्षा तिचा न्याय करून टाकतो.

येशूने हा दाखला प्रार्थनेबद्दल सांगितला, खचून न जाता प्रार्थना करीत राहा म्हणून. पण मी कामगार माणूस, मला त्यात लेबर कोर्ट दिसलं. ग्रॅच्युइटीच्या एका केसमध्ये आमच्या साठ-सत्तर माणसांनी अशाच तारखा काढल्या. साहेब रजेवर, वकील आजारी, फाईल सापडत नाही. त्यातली अकरा माणसं निकालाआधीच गेली. तेव्हा ही विधवा कोण आहे हे मला कोणी समजावून सांगायला नको. आणि येशूने न्यायाधीश चांगला आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, हे विशेष. व्यवस्था नालायक आहे हे धरूनच ती बाई जात राहते. ज्यू लोकांच्या जुन्या ग्रंथांतही अशी माणसं आहेत. आमोस नावाचा मेंढपाळ होता, गरिबाला विकून खाणाऱ्यांची पूजा-प्रार्थना देवाला नको, असं तो श्रीमंतांना तोंडावर सांगत फिरला.

आता तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी तर ख्रिस्ती धर्मावर टीका केली आहे. केली आहे, आणि ती मी वाचली आहे. इंग्रजी समग्र लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात ते प्रकरण आहे. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाला तरी जात त्याच्यामागे चर्चमध्ये गेली. आणि दुसरं म्हणजे, तुझं दुःख पापामुळे आहे असं त्याला शिकवलं, त्यामुळे आपल्या हलाखीला समाजरचना कारण आहे हे त्याला दिसेनासं झालं, तो आपल्या हक्कासाठी भांडेना. ही टीका आजही खोटी नाही. चर्चमध्ये वेगळ्या बाकांवर बसणारे, वेगळ्या दफनभूमीत पुरले जाणारे दलित ख्रिस्ती तामिळनाडूत आहेत. पण बाबासाहेबांनी दिलेली कसोटी घेऊनच आपण कंधमालकडे बघू. भांडले का हे लोक? की आकाशाकडे हात जोडून बसले?

भांडले. आणि भांडण्याची रीत अशी की दगड उचलला नाही, अर्ज उचलला.

फुलबनीला दोन जलदगती न्यायालयं बसली. जलदगती हा शब्द सरकारचा आहे, माझा नाही. साक्षीदाराला वाटेत गाठायचं, कोर्टाच्या आवारात दम द्यायचा, हे प्रकार चालले. अशा वातावरणात नवरा गमावलेली एक पाना बाई उभी राहिली. नवऱ्याच्या खुनाच्या खटल्यात आरोपी कोण, तर तिथला निवडून आलेला आमदार! तिने साक्ष दिली. २०१० च्या जून महिन्यात कोर्टाने आमदाराला सात वर्षांची शिक्षा दिली. खुनाचा आरोप टिकला नाही, दंगल आणि गंभीर दुखापत एवढंच सिद्ध झालं. लगेच हायकोर्टात त्याला जामीन मिळाला. एखादा म्हणाला असता, जाऊ दे, एवढं झालं हे काय थोडं झालं! ती बाई दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेली. २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने तो जामीन रद्द केला. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही, ती तिच्या लेकरांसह जगते आहे, तिला जगू द्यावं. पण तो दाखला वाचताना मला तीच दिसते.

तशीच एक सिस्टर. २५ ऑगस्ट २००८ ला के. नुआगाव इथे तिच्यावर बलात्कार झाला. दोन महिन्यांनी ती दिल्लीत चेहरा झाकून पत्रकारांसमोर आली आणि राज्याच्या पोलिसांवर माझा विश्वास नाही, सीबीआयची चौकशी करा, असं तिने सांगितलं. पुढे तुरुंगात ओळखपरेडला गेली. कटकच्या कोर्टात उलटतपासणीला उभी राहिली. २०१४ च्या मार्चमध्ये तिघांना शिक्षा झाली, सहा जण सुटले. बायकांनो, खैरलांजी आपण विसरलेलो नाही. अशा कोर्टात उभं राहायला काय लागतं ते तुम्हाला पुरुषांपेक्षा जास्त कळतं.

आणि आर्चबिशप राफाएल चीनाथ. कटक-भुवनेश्वरचे हे धर्मगुरू मूळचे केरळचे. आपली माणसं छावणीत पडलेली असताना त्यांनी नुसतं प्रवचन केलं नाही, २००८ सालीच सुप्रीम कोर्टात याचिका दाखल केली. छावण्यांना संरक्षण द्या, केंद्राची पोलीस दलं हलवू नका, नुकसानभरपाई द्या, तपास नीट करा. आठ वर्षं ती याचिका चालली. २ ऑगस्ट २०१६ रोजी सरन्यायाधीश ठाकूर आणि न्यायमूर्ती लळित यांनी निकाल दिला. तोच मी शब्दकोश घेऊन वाचला.

त्यातले आकडे ऐका. एकूण गुन्हे नोंदले गेले ८२७. त्यातल्या ५१२ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. उरलेल्या ३१५ प्रकरणांत पोलिसांनी लिहून दिलं, की गुन्हाच घडला नाही किंवा गुन्हेगार सापडत नाहीत. घर जळालेलं आहे, राख आहे, आणि गुन्हा घडला नाही! ज्या ३६२ खटल्यांचा निकाल लागला, त्यांपैकी फक्त ७८ मध्ये शिक्षा झाली. शंभरात एकवीस-बावीस. सुप्रीम कोर्टाने या प्रमाणावर नाराजी दाखवली आणि ती ३१५ प्रकरणं पुन्हा तपासून बघा, सुटलेल्या खटल्यांत अपील करायचं का ते बघा, असं राज्याला सांगितलं. मृतांच्या वारसांना आणखी तीन लाख, पूर्ण जळालेल्या घरांना आणखी सत्तर हजार रुपये द्यायला लावले. पैसा थोडा आहे. पण सरकारने जे दिलं ते पुरेसं नव्हतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर आलं. कामगाराला कागदाची किंमत माहीत असते.

निकालानंतर बाराव्या दिवशी, १४ ऑगस्ट २०१६ ला आर्चबिशप चीनाथ मुंबईत वारले. आजारी होते. निकाल बघून गेले, एवढंच.

दोन चौकशी आयोगही नेमले होते, एक २००७ च्या प्रकाराचा, एक २००८ च्या. दोन्ही अहवाल २०१५ मध्ये सरकारला मिळाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते विधानसभेपुढेही आले नाहीत. अहवाल दडपण्याच्या बाबतीत सगळी सरकारं एका जातीची. इकडे २०२३ मध्ये रोमहून कंधमालच्या ३५ मृतांना हुतात्मा ठरवण्याची प्रक्रिया सुरू करायला मंजुरी आली. म्हणजे स्वर्गाच्या दप्तरात त्यांची नोंद निघाली. पृथ्वीवरच्या पोलीस ठाण्याला मात्र गुन्हेगार सापडत नव्हते.

इथे एक शंका माझ्याच मनात होती, तुमच्याही असेल. ख्रिस्ती धर्म तर क्षमा करायला सांगतो. मग क्षमा आणि फिर्याद एकत्र कशी चालते? याचं उत्तर मला ओडिशातल्याच दुसऱ्या एका बाईकडे मिळालं. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. १९९९ च्या जानेवारीत २२ तारखेच्या रात्री मनोहरपूर गावात ते आपल्या दोन मुलांसह गाडीत झोपले होते. एक मुलगा दहा वर्षांचा, एक सहा वर्षांचा. जमावाने गाडी पेटवून दिली. त्यांची पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. सगळ्या देशाने ते ऐकलं, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. पण त्यांनी त्याच वेळी जे दुसरं सांगितलं ते फारसं कोणी छापलं नाही. क्षमा ही माझ्या मनाची गोष्ट, गुन्ह्याचे परिणाम ही कायद्याची गोष्ट, या दोन्हींची सरमिसळ करू नका, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता.

बघा, किती मोलाची गोष्ट आहे! आपल्याला कायम काय सांगितलं जातं? झालं गेलं विसरा, मन मोठं करा, सलोखा राखा, केस मागे घ्या. गावकीचा समेट म्हणजे दुबळ्याने अंगठा द्यायचा. ग्लॅडिसबाईंनी मन मोठं केलं आणि केस मागे घेतली नाही. द्वेष मनातून काढला, कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालवली, २००४ पर्यंत इथेच राहिल्या. आपल्या धम्मात वैराने वैर शमत नाही असं तथागतांनी सांगितलं. त्याचा अर्थ फिर्याद करू नका असा कोणी लावत असेल, तर त्याला आपण मैत्री आणि मुकाट्याने सोसणं यातला फरक विचारला पाहिजे. त्या खटल्यातही सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०११ मध्ये जन्मठेप कायम केली. निकालात स्टेन्स यांना धडा शिकवण्याचा हेतू होता अशा अर्थाचं एक वाक्य आलं होतं. देशभर नाराजी उमटली, आणि चौथ्या दिवशी कोर्टाने स्वतःहून ती वाक्यं गाळली. बोललं तर फरक पडतो तो असा.

सात माणसांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. स्वामी लक्ष्मणानंदांच्या खुनात सात गरीब ख्रिस्ती गावकऱ्यांना धरलं, २०१३ मध्ये एका नक्षलवाद्याबरोबर त्यांना जन्मठेप दिली. अपील हायकोर्टात पडून राहिलं. अखेर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातून एकेक करत सातही जण जामिनावर बाहेर आले. जवळजवळ अकरा वर्षं तुरुंगात. त्यांच्या बायकांनी शेतात मजुरी करून लेकरं वाढवली. त्याही विधवेसारख्याच कोर्टाच्या दारात.

आता मी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. हा विषय आपला कसा?

१९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं, की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख घातले. त्याच १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर आपण बौद्ध झालो, आणि केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या काळात राज्याच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या दारात आपण चौतीस वर्षं उभे होतो. मोर्चे काढले, सह्या केल्या. आणि घरोघर काय चाललं होतं? मनात बुद्ध, दाखल्यावर हिंदू महार. किती पोरांनी शाळेच्या दाखल्याला हात लावू दिला नाही, नोकरी जाईल म्हणून! १९९० साली व्ही. पी. सिंगांच्या सरकारने कायदा दुरुस्त केला, तिसऱ्या परिच्छेदात बौद्ध हा शब्द आला. त्या दिवशी वाटलेले पेढे इथल्या जुन्या माणसांना आठवत असतील.

तो परिच्छेद तिथेच आहे. आपण आत गेलो, दार आपल्यामागे पुन्हा लागलं. बाहेर दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान उभे राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाका असं सुचवलं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात याचिका आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. तारीख पे तारीख.

याचा कंधमालशी संबंध काय? हा की, पाना ख्रिस्ती माणसाला जातीवरून मारलं, घर जाळलं, तरी त्याला अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागत नाही, कारण कागदावर तो अनुसूचित जातीचा नाही. शेजारचा कंध ख्रिस्ती असेल तर त्याला लागतो, कारण आदिवासीला धर्माची अट नाही. एकाच रात्री, एकाच गल्लीत, एकाच जमावाने जाळलेली दोन घरं, आणि कायदा एकाला! मारणारा मारताना तुझा धर्म कोणता नि जात कोणती असे दोन हिशेब ठेवत नाही. त्याला तो पाना आहे एवढं पुरतं. हिशेब सरकार ठेवतं.

हे लांब ओडिशातच आहे असं समजू नका. आपल्या नगर जिल्ह्यात महार-मांगांतून ख्रिस्ती झालेली गावंच्या गावं आहेत. आपलेच भाऊबंद, एकाच आडनावाचे. बापाच्या दोन मुलांपैकी एक विहारात गेला, एक चर्चमध्ये. गावाने दोघांना राहायला जागा एकाच ठिकाणी दिली. सवलत एकाला, दुसरा राज्यात ओबीसीत.

काही आपले पुढारी खासगीत म्हणतात, त्यांना आत घेतलं तर आपला वाटा कमी होईल. मी त्यांना एवढंच विचारतो, १९५६ ते १९९० मध्ये आपल्याबद्दल हेच म्हणणारे कोण होते, त्यांची नावं तुम्हाला सांगता येतील ना? वाट्याची भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. लोकसंख्या मोजून टक्का वाढवून मागता येतो, मिश्रा आयोगानंतर ती चर्चाही झाली आहे. पण कंधमालात कंध आणि पाना यांना याच भीतीने एकमेकांच्या अंगावर घातलं, हे आताच आपण ऐकलं.

वेळ संपत आली, अध्यक्षसाहेब घड्याळ बघताहेत. मी कमिटीला दोन सूचना करतो. एक म्हणजे यंदा नाताळच्या आधी विहारातले पाच-सात जण मिळून आपल्या भागातल्या चर्चमध्ये जाऊन त्यांच्या पंचकमिटीला भेटू. हार-तुरे नकोत, जातीच्या दाखल्याचं काय चाललंय एवढं विचारून येऊ. दुसरी सूचना ठरावाची. ठराव मी लिहून आणला आहे, वाचतो.

“अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशातील परिच्छेद ३ मधील धर्माची अट रद्द करावी, दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम बांधवांचा अनुसूचित जातींत समावेश करावा, त्या प्रमाणात आरक्षणाची टक्केवारी वाढवावी, आणि तोपर्यंत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्यांना द्यावे, अशी ही सभा केंद्र सरकारकडे मागणी करीत आहे.”

हा ठराव सामाजिक न्याय मंत्रालयाला स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती विहाराच्या दप्तरात ठेवावी. अनुमोदनासाठी महिला मंडळातून कोणीतरी उभं राहावं, अशी माझी विनंती आहे.

जयभीम!